दापोलीत पाईप गोठत नाहीत, टोरंटोत गोठतात

डिसेंबर लागला, फुटलेल्या पाईपचे तेच व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागले, आणि त्यामागोमाग पत्रे. बर्फाच्या देशातली भीती इथे आणि इथला निर्धास्तपणा तिकडे, अशी अदलाबदल बहुतेकांत दिसते.

प्रश्न : पहाटे हात गारठतात. अंगणातल्या पाईपला फोम गुंडाळला नाही तर पाईप फुटेल, असं दुकानदार म्हणतो. (दापोली)

नको. पाणी शून्य अंशाला गोठते. दापोलीचा पारा तिथवर उतरत नाही. सोलरच्या गरम पाण्याच्या पाईपला मात्र खुशाल घाला.

प्रश्न : जानेवारीत गच्चीवरचा पांढरा पाईप उभा चिरला. प्लंबर म्हणाला, थंडीने. (देवगड)

थंडी प्लंबरला वाजली असेल. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेला पीव्हीसी ठिसूळ होतो. मग पंप बंद होताना बसणारा पाण्याचा दणकाही त्याला पुरतो. नवा पाईप सावलीतून न्या, क्लॅम्प मारा. उन्हातच राहणार असेल तर पाण्यात मिसळणारा फिका रंग द्या, थिनरवाला नको. चीर सांध्यापाशी असेल तर कारण वेगळे असू शकते. तुकडा फेकण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मुलगी मिनेसोटात शिकते. कडाक्याच्या रात्री नळ थोडा सोडून ठेव, असं घरमालक सांगतो. पाणी वाया नाही का जात? (मालवण)

जाते, पण फुटलेल्या पाईपातून जाईल त्यापेक्षा फारच कमी. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. पाईप बर्फाच्या जागीच फुटतो असे नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाईप तिथे फाटतो. नळ किंचित सुटा असला की दाबाला वाट मिळते. बारीक धार पुरे. बाहेरच्या भिंतीलगत सिंक असेल तर खालच्या कपाटाची दारे उघडी ठेवायला सांगा, खोलीतली ऊब आत जाईल. नळ गोठलाच तर आधी घरमालकाला फोन. पाईपला मेणबत्ती किंवा शेगडी लावायची नाही.

प्रश्न : मावसभावाचा मनालीत होमस्टे आहे. टाकीत खडे मीठ टाकलं की पाणी गोठत नाही म्हणे. (वेंगुर्ले)

कोण म्हणे? समुद्राचे पाणीसुद्धा उणे 2 अंशांच्या आसपास गोठते, आणि मनालीत जानेवारीच्या रात्री पारा त्याच्याही खाली जातो. म्हणजे टाकीचा अरबी समुद्र केला तरी भागणार नाही. पिण्याचे पाणी जाईल, लोखंड गंजेल ते वेगळेच. कोणी गाडीचे कूलंट सुचवले तर त्याहून वाईट, बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विष आहे. पाईप जमिनीत पुरेसा खोल गाडणे किंवा रात्री रिकामा करणे, हेच उपाय. किती खोल, ते तिथल्या प्लंबरला विचारावे.

प्रश्न : मुलगा टोरंटोहून लग्नासाठी जानेवारीत 3 आठवडे येतोय. घर बंदच, तर बिल वाचवायला हीटिंग बंद करून येतो म्हणतो. चालेल ना? (चिपळूण)

नाही. आणि हे पत्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावाहून येते, म्हणून सविस्तर लिहितो. गणपतीत घर उघडायचे आणि मग थेट शिमग्यापर्यंत कुलूप, ही आपली रीत. इथे बंद घरात वाळवी लागेल, उंदीर होतील. तिकडे घर थंड पडले की भिंतीतला पाईप गोठतो, फुटतो, आणि कळत नाही, कारण पाण्याच्या वाटेत बर्फाचेच बूच असते. हवा निवळली की बूच सुटते आणि पाणी वाहू लागते. ते ऐकायला घरात कोणी नाही.

हीटिंग 13 अंशांखाली नेऊ नये. मेन व्हॉल्व्ह बंद करून वरचे-खालचे सगळे नळ उघडावेत, फ्लश ओढावा, पाईप रिकामे करावेत. बागेच्या नळाची होज काढावी, त्याचा आतला व्हॉल्व्ह बंद करावा. घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर तापत असेल किंवा आगीचे स्प्रिंकलर असतील, तर तिथल्या प्लंबरला विचारल्याशिवाय मेनला हात लावू नये. एक किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. हिवाळ्यात घर बंद असताना कोणीतरी येऊन पाहिले पाहिजे, अशी अट बऱ्याच विमा पॉलिसींत असते. कंपनीला लेखी विचारावे. आणि ऑनलाइन मिळणारी ती पाईप तापवणारी टेप! पाच तारे पाहून घेतात, एकावर एक वेढे देतात; तापून आग लागते. लावायचीच तर प्रमाणित, आणि इलेक्ट्रिशियनकडून. तिकीट काढून झाले असेल, तर फोन आजच करा. आदल्या रात्री बॅगा भरताना हे काम होत नाही.

तुमच्या चिपळूणच्या घराचा मेन व्हॉल्व्ह शेवटचा कधी फिरवला होता? आमच्या दमट हवेत, त्यातून किनाऱ्यालगत, न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह जाम होतो. उद्या फिरवून पाहा. हलत नसेल तर पाना घालून जोर करू नका, प्लंबर बोलवा.

प्रश्न : गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतो. बूच मारून देतो, असं प्लंबर म्हणतो. (गुहागर)

मारू देऊ नका. कोंडलेला दाब सोडायलाच तो बसवलेला असतो. गिझरचे बटण बंद करा आणि कंपनीचा माणूस बोलवा. तो येईपर्यंत चुलीवर पाणी तापवा.