लायबेरियातल्या ग्रँड केप माउंटमध्ये काय आहे? तिथे कोण राहतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की त्यांचे मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत. जहाजाच्या पाठीवर भल्यामोठ्या अक्षरांत ‘मन्रोव्हिया’ (लायबेरियाची राजधानी) लिहिलंय, पण मिस्टरांनी ते बंदर आजवर पाहिलेलं नाही. कुतूहल म्हणून नकाशा उघडला, तर किनाऱ्याने थोडं वर ग्रँड केप माउंट हे नाव दिसलं. तिथे काय आहे?

आधी जहाजाचं. त्यात काही गौडबंगाल नाही. लायबेरियाने 1948 मध्ये परदेशी मालकांच्या जहाजांसाठी नोंदणी खुली केली. आज हजारो जहाजं तो झेंडा लावून फिरतात आणि त्या नोंदणीचा कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. म्हणजे मन्रोव्हिया न बघता मन्रोव्हियाच्या जहाजावर जन्म काढलेले खलाशी भरपूर.

मीही तिथे गेलेलो नाही, हे सांगून टाकतो. मी फॉन्ट करतो आणि फावल्या वेळात मोडी शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका यादीत ‘वाई लिपी’ हे शब्द वाचले आणि मला वाटलं, कृष्णाकाठच्या आपल्या वाईला कुणा शास्त्रीबुवांच्या वाड्यात एखादं जुनं बाड सापडलं असणार. विश्वकोशाचं गाव, काहीही सापडू शकतं! पुढे वाचलं तर ही वाई निघाली पश्चिम आफ्रिकेत, ग्रँड केप माउंटमध्ये. वाई हे तिथल्या लोकांचं नाव, भाषेचंही आणि लिपीचंही. तेव्हापासून मी त्या भागाबद्दल मिळेल ते वाचतोय.

लायबेरियात पंधरा काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, शब्द अमेरिकेहून आलेला. ग्रँड केप माउंट वायव्य कोपऱ्यात. पलीकडे सिएरा लिओन, मध्ये मानो नदी. मुख्य गाव रॉबर्ट्सपोर्ट. हा सगळा किनारा सपाट आहे, वाळू आणि दलदल, आणि त्यात एकाएकी समुद्राला खेटून हजारेक फुटांचा हिरवागार डोंगर उभा राहतो. पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रो द सिंत्रा 1460 च्या सुमारास इकडून गेला. तेव्हापासून पोर्तुगीज या टोकाला ‘काबो दो मोंते’ म्हणू लागले, म्हणजे डोंगराचं भूशिर. त्याचंच पुढे इंग्रजीत केप माउंट झालं.

डोंगराच्या मागे पिसो सरोवर आहे, साधारण शंभर चौरस किलोमीटरचं. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘खारकच्छ’ शब्द पाठ केला होता ना, ते हे. समुद्र आणि सरोवर यांच्यात वाळूचा दांडा आणि एका टोकाला उघडं तोंड. पाणी कुठे गोडं, कुठे मचूळ, कडेने खारफुटी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी याच शांत पाण्यावर सागरी विमानं उतरवली. बाहेरच्या समुद्राला शांतता ठाऊक नाही. लाटा अशा की रॉबर्ट्सपोर्टला आता जगभरातून सर्फिंगवाले येतात. पाऊस मे ते ऑक्टोबर. या पट्ट्यात वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत कोसळतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर तीन हजारांच्या आसपास पडतो, त्यावरून अंदाज घ्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र सहाराकडून हरमटन नावाचा कोरडा, धुळकट वारा येतो.

खाणं ऐकून कोकणी माणसाला परकं वाटणार नाही. भात आणि मासे. भात बराचसा डोंगरउतारावर, रान तोडून-जाळून, आपल्याकडच्या कुमरीसारखा. जोडीला पामतेल आणि कसावा. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तेच झाड, पण तिथे त्याच्या पाल्याचीही भाजी करतात. भात पोटात गेला नाही तर जेवण झालं असं लायबेरियात कुणी मानत नाही. एप्रिल 1979 मध्ये तांदळाचा भाव वाढवायचं सरकारने ठरवलं, तर मन्रोव्हियात दंगल उसळली.

आता माणसं. गोला आणि देई हे जुने रहिवासी, सीमेच्या बाजूला मेंदे, किनाऱ्यावर क्रू आणि घानाहून आलेले फांती कोळी. पण या काउंटीची ओळख वाई लोकांची. त्यांची भाषा मांदे कुळातली, म्हणजे मूळ आतल्या गवताळ प्रदेशातलं. सिएरा लिओनमधले कोनो हे त्यांचे भाऊबंद. दोघे मिळून समुद्राकडे मिठाच्या शोधात निघाले, वाटेत काही जण थकून म्हणाले, “आम्ही थांबतो,” म्हणून ते कोनो झाले, कारण कोनो म्हणजे थांबणं, वाट पाहणं; आणि पुढे गेले ते वाई, अशी कथा सांगतात. या भागाचं सविस्तर वर्णन 1668 मध्ये ओल्फर्ट डॅपर नावाच्या डच वैद्याने छापलं. तो कधीही आफ्रिकेत गेला नव्हता. ॲमस्टरडॅममध्ये बसून दुसऱ्यांची टिपणं जुळवली. माझ्या या उत्तरालाही तेवढा आधार पुरे!

मीठ आणायला आलेल्यांना समुद्राने गुलामांचा व्यापारही दिला. केप माउंट आणि शेजारचं गालिनास इथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो तेजीत होता. ‘आमिस्ताद’ जहाजावर 1839 मध्ये बंड करणारे आफ्रिकन गालिनासच्याच किनाऱ्यावरून नेलेले. थिओडोर कॅनो या गुलामव्यापाऱ्याचं ठाणं केप माउंटला होतं, ते इंग्रजांनी 1847 मध्ये जाळलं. स्थानिक सरदार या धंद्यात भागीदार होते, वाई सरदारसुद्धा. ते झाकण्यात अर्थ नाही, कारण लिपीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मोमोलू दुवालू बुकेले हा जोंदू गावचा तरुण. गुलामव्यापाऱ्यांकडे नोकर होता. ते त्याला लांबलांब कामाला पाठवत आणि येताना तो मालकासाठी चिठ्ठी घेऊन येई. चिठ्ठी उघडली की मालकाला कळे, बुकेलेने तिकडे काय गुण उधळले. स्वतःची चहाडी स्वतःच्याच हाताने वाहून आणत होता बिचारा. मी इतक्या दूर काय केलं ते या कागदाला कसं कळतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. मग 1833 च्या सुमारास त्याला स्वप्न पडलं. एक गोरा माणूस पुस्तक घेऊन आला आणि त्याला वाई शब्द लिहायच्या खुणा दाखवू लागला. सकाळी उठला तर बऱ्याच खुणा विसरलेला. मित्र गोळा केले आणि सगळ्यांनी मिळून राहिलेली अक्षरं जुळवली. मग मिठाची भेट घेऊन राजाकडे गेले, राजा खूश झाला, जोंदूत शाळा निघाली. ती पुढे लढाईत जळाली, पण लिपी टिकली. हे सगळं खुद्द बुकेलेने 1849 मध्ये कोएले नावाच्या जर्मन मिशनऱ्याला सांगितलं. पुढच्याच वर्षी तो वारला.

स्वप्नावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांसाठी सिक्वोयाने 1821 च्या सुमारास अशीच अक्षरमाला केली होती, आणि ऑस्टिन कर्टिस नावाचा एक चेरोकी माणूस त्याच काळात केप माउंटला येऊन राहिला होता. कल्पना त्याच्याकडून आली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटण्यासारखं वाटतं. पण कल्पना उसनी असली तरी अक्षरं त्यांची स्वतःचीच आहेत.

आपण ‘क’ एकदा गिरवला की काना, वेलांटी, मात्रा लावत बाराखडी पुढे जाते. वाईत तशी सोय नाही. ‘का’ला एक चिन्ह, ‘की’ला निराळं, ‘कू’ला आणखी निराळं, अशी दोनशेवर चिन्हं. ऐकून घाम फुटतो, पण त्या भाषेत जोडाक्षरांची भानगड जवळपास नाही, त्यामुळे हिशेब जमतो. माणसं ती शाळेत शिकत नाहीत. भावाकडून, मित्राकडून, संध्याकाळी ओसरीवर. शाळेत इंग्रजी, मदरशात अरबी आणि घरी वाई, अशा तीन लिपी एकाच गावात नांदतात. बहुतेक वाई मुसलमान आहेत, म्हणून अरबी. वाईत लिहायचं काय? पत्रं, व्यापाराचे हिशेब, आणि कुणाच्या मयताच्या जेवणाला कुणी किती दिलं त्याच्या याद्या. आपली लग्नातली आहेराची वही आठवली मला. 1970 च्या दशकात सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तिथे मुद्दाम गेले, कारण शाळा आणि साक्षरता यांचा परिणाम वेगवेगळा मोजायला अशी जागा दुसरीकडे सहज मिळत नाही. निष्कर्ष असा की नुसतं लिहिता-वाचता आल्याने माणसाची बुद्धी सगळ्याच बाबतींत वाढते असं दिसत नाही. जे काम तो लिपीने करतो त्यात तो तरबेज होतो.

किनाऱ्यावर दुसरी मंडळी अमेरिकेहून आली, गुलामीतून सुटलेले आणि मुक्त कृष्णवर्णीय. 1822 पासून मन्रोव्हियात, 1847 मध्ये देश स्वतंत्र, पहिले अध्यक्ष जोसेफ जेन्किन्स रॉबर्ट्स. रॉबर्ट्सपोर्ट त्यांच्याच नावाचं. या नव्यांनी जुन्यांना बरोबरीचं मानलं नाही. मूळ रहिवाशांना नागरिकत्व 1904 मध्ये मिळालं. तरी वाट काढणारे होते. वाई राजघराण्यातले मोमोलू मासाक्वोई 1920 च्या दशकात हॅम्बर्गला लायबेरियाचे कॉन्सुल जनरल झाले आणि तिथल्या विद्यापीठात वाई शिकवू लागले. त्यांचा नातू हान्स हिटलरच्या जर्मनीत काळा मुलगा म्हणून वाढला आणि पुढे अमेरिकेत ‘एबनी’ मासिकाचा संपादक झाला. मोमोलूंची मुलगी फातिमा मायदेशी परतली. तिच्या पुढाकाराने 1962 मध्ये लायबेरिया विद्यापीठात वाई अक्षरं प्रमाण करून घेतली.

बायकांच्या सांदे मंडळाचं एक सांगायलाच हवं. काळा, चकाकणारा, मानेला वळ्या असलेला लाकडी मुखवटा घालून तिथे बाई नाचते. आफ्रिकेत मुखवटे बहुतेक पुरुषच घालतात, हा दुर्मीळ अपवाद. मात्र याच मंडळाच्या दीक्षेत मुलींची सुंताही होते, आणि ती बंद करण्यावरून देशात वाद चालू आहे.

1989 ते 2003 च्या यादवीने इथलीही घडी विस्कटली, त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. नंतर आली पामची लागवड, 63 वर्षांच्या कराराने दिलेली जमीन, त्यावरून गावकऱ्यांच्या तक्रारी, आणि सोन्याची खाण.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. वाई लिपी 2008 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जागतिक अक्षरसंचात गेली, तीनशे चिन्हांसकट. आपली मोडी गेली 2014 मध्ये.

ताई, मिस्टरांचं जहाज कधी सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून मन्रोव्हियाकडे जाणार असेल तर त्यांना सांगा, पोर्ट साइडला, म्हणजे डावीकडे नजर ठेवा. तासन्‌तास सपाट किनारा दिसेल आणि मग एकदम डोंगर. फोटो काढला तर इथे जरूर टाका, मी आजवर दुसऱ्यांचेच पाहिलेत.