कॉन्करंट इंजिनिअरिंग सुरू करूनही नवीन प्रॉडक्टला तेवढाच वेळ का लागतो?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत कॉन्करंट इंजिनिअरिंग, म्हणजे डिझाइनपासून उत्पादनापर्यंतची कामं एकामागून एक न करता एकाच वेळी पुढे नेण्याची पद्धत, सुरू झालं, डिझाइन, टूलिंग, क्वालिटी, परचेस, प्रॉडक्शन सगळे दर आठवड्याला एकत्र बसतात, तरी नवीन प्रॉडक्ट बाजारात यायला पूर्वीइतकाच वेळ लागतो आणि वर मीटिंगांचा ताप. मग ही पद्धत खरंच चालते का, असा तुमचा प्रश्न आहे.

चालते. मी प्लास्टिक पार्टच्या मोल्डचं, म्हणजे पार्ट ज्यात ओतून बनतो त्या स्टीलच्या साच्याचं, काम करतो, त्यामुळे माझं उत्तर टूलरूमच्या, म्हणजे मोल्ड बनवणाऱ्या विभागाच्या बाजूने येईल. तुमच्या वर्णनात मीटिंगांबद्दल बरंच आहे, पण डिझाइनकडून टूलरूमला पहिली माहिती कधी मिळते, हे कुठेच नाही. ड्रॉइंगवर सगळ्या सह्या होऊन ते रिलीज झाल्यावरच मोल्डचं काम हातात घेतलं जात असेल, तर कितीही मीटिंगा घ्या, काम एकामागून एकच चाललंय. वेळ वाचतो तो पुढच्या माणसाला अर्धवट माहितीवर काम सुरू करता आलं तरच. आणि अर्धवट माहिती देणं हे डिझाइनरला सगळ्यात जड जातं, कारण उद्या ती बदलली तर बोट त्याच्याकडेच दाखवलं जाणार.

एक साधं प्लास्टिकचं हाउसिंग (बाहेरचं कवच) घ्या. त्याची बाहेरची लांबी-रुंदी-उंची, मटेरियल आणि पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात ती रेषा) ठरली की मोल्ड बेस (मोल्डचा बाहेरचा सांगाडा) आणि स्टीलची ऑर्डर देता येते. आतल्या रिब (ताकद देणाऱ्या पातळ पट्ट्या), स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायचे उंचवटे), क्लिपा अजून ठरायच्या असल्या तरी काही अडत नाही. ते स्टील येईपर्यंतचे आठवडे डिझाइनला मिळतात. मात्र मटेरियल बदललं तर सगळं कोसळतं. एबीएस हे प्लास्टिक गार होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक एक ते अडीच टक्के. २०० मिलिमीटरच्या पार्टवर हा फरक काही मिलिमीटरपर्यंत जातो, आणि कॅव्हिटी (मोल्डमधली पार्टच्या आकाराची पोकळी) तर त्या आकसण्याचा हिशेब धरूनच कापलेली असते. म्हणून मटेरियल आधी पक्कं करायचं, रिबची जाडी नंतर ठरली तरी चालते.

रिबचंच पुढे सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मोल्डमधलं स्टील कापून काढणं सोपं असतं. परत भरायचं तर वेल्डिंग करा, पुन्हा मशिनिंग करा, पॉलिश करा, आणि तरी पार्टवर डाग दिसायची भीती. त्यामुळे जे माप अजून डळमळीत आहे ते अशा बाजूला ठेवायचं, की नंतर फक्त स्टील काढावं लागेल. रिब १.५ मिलिमीटरची लागेल असं वाटत असलं तरी आधी १.२ ची कापायची, ट्रायलमध्ये कमकुवत निघाली तर मोल्डमधली तिची खाच रुंद करायची. पार्टमध्ये भोक तयार करणारी मोल्डमधली पिन किंचित जाड ठेवायची, म्हणजे भोक लहान करायचं झालं तर पिन घासली की काम झालं. टूलरूममध्ये याला स्टील सेफ म्हणतात. पण कुठलं माप डळमळीत आहे हे डिझाइनरने सांगितलं तरच टूलवाल्याला हे करता येतं. ड्रॉइंगवर सगळीच मापं सारख्याच खात्रीने लिहिलेली असतील तर तो बिचारा काय करणार?

याचा अभ्यासही झालेला आहे. कृष्णन, एपिंगर आणि व्हिटनी या संशोधकांनी १९९७ साली मांडलं की दोन कामं किती एकमेकांवर चढवायची हे दोन गोष्टींवर ठरतं: आधीच्या कामातली माहिती किती लवकर पक्की होते, आणि ती बदलली तर पुढच्या कामाचं किती नुकसान होतं. वर मटेरियलच्या बाबतीत नुकसान प्रचंड, रिबच्या बाबतीत थोडकं. टोयोटाची रीत याच्या जवळची, पण वेगळी. मिशिगन विद्यापीठाच्या वॉर्ड, लायकर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली लिहिलं की टोयोटात एकच डिझाइन लवकर पक्कं न करता अनेक पर्याय आणि मापांच्या मर्यादा बराच काळ खुल्या ठेवतात, आणि सगळे विभाग मिळून त्या हळूहळू आवळत नेतात. निर्णय उशिरा होतो, तरी गाडी लवकर तयार होते.

मोठं उदाहरण हवं असेल तर बोइंग ७७७. पूर्ण विमान संगणकावर थ्रीडीत डिझाइन केलं, दोनशेहून जास्त टीम केल्या आणि प्रत्येक टीममध्ये डिझाइनबरोबर उत्पादनाची माणसं बसवली. विमान कंपन्यांचे लोकही सुरुवातीपासून आत घेतले होते. पंखावरचा इंधन भरायचा पॅनल इतका उंच येत होता की त्यांच्या ट्रकची पोच गेली नसती. हे डिझाइन चालू असतानाच त्यांनी दाखवून दिलं, आणि जागा बदलली गेली. पहिलं उड्डाण १२ जून १९९४ ला झालं. उलट एअरबस ए३८० मध्ये हॅम्बुर्ग आणि तुलूझचे लोक एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते. जोडणीच्या वेळी वायर हार्नेस (तारांचे तयार जुडगे) बसेनात, आणि २००६ मध्ये विमानं देण्याचं वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकलावं लागलं. तुमच्याकडे डिझाइन आणि व्हेंडर एकच मॉडेल, एकाच रिव्हिजनचं (आवृत्तीचं) पाहतात का, एवढं उद्याच तपासा.

आता परचेस. माझ्या मते गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. तीन कोटेशन, त्यातला सगळ्यात स्वस्त, हा नियम असेल तर कोटेशनसाठी पूर्ण ड्रॉइंग लागतं, आणि पूर्ण ड्रॉइंग लागलं की व्हेंडर शेवटीच येणार. मोल्ड बनवणारा डिझाइनच्या काळात तुमच्या टेबलावर हवा असेल, तर त्याची निवड आधी करावी लागते, किमतीची मर्यादा आधी ठरवावी लागते आणि त्याच्या त्या वेळच्या कामाचे पैसेही द्यावे लागतात. फुकट सल्ला घेऊन ऑर्डर दुसऱ्याला दिली, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मीटिंगबद्दल एवढंच: जो 'हो' म्हणू शकतो त्याला बोलवा. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारे पाच जण बसले की निर्णय पुढच्या आठवड्यावर जातो.

आणखी एक गोष्ट वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. पद्धत नीट चालू लागली की सुरुवातीच्या महिन्यांत डिझाइनमधले बदल वाढतात, आणि चेंज नोटचा (बदलाच्या लेखी नोंदींचा) आकडा बघून कुणीतरी घाबरतं. त्यांना तोच आकडा दोन भागांत दाखवा: स्टील कापायच्या आधीचे बदल आणि नंतरचे. आधीचे वाढायलाच हवेत. नंतरचे कमी होत नसतील तर मात्र कुठल्या मापामुळे झाले ते एकेक करून बघा, म्हणजे कुठली माहिती घाईने पुढे गेली आणि कुठली उगाच अडवून ठेवली होती ते कळेल.

तुमच्या पुढच्या प्रोजेक्टमध्ये व्हेंडर कुठल्या टप्प्यावर ठरतो आणि मटेरियल कोण पक्कं करतं, हे खाली लिहिलंत तर नेमकी कुठली कामं एकमेकांवर चढवता येतील ते सांगता येईल.