टेकाडांचे लोक : परीलोकाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात याच सदरात आयर्लंडमधील 'टेकाडांच्या लोकां'चा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी सहा वर्षांची नात पाठीला पंख आणि हातात चांदणीची काठी घेऊन दिवसभर परी होऊन वावरते. परवा तिने विचारले, 'आजी, पऱ्या राहतात कुठे?' मला उत्तर देता आले नाही. शिवाय आपली परी आणि इंग्रजांची फेअरी हा मुळात एकच शब्द आहे का? (एक आजी, पुणे)

उत्तर : पऱ्या दिसतात कशा हे न विचारता त्या राहतात कुठे हे नातीने विचारले, याचे मला मोठे कौतुक वाटते, कारण या विषयात आधी जागा येते आणि रहिवासी नंतर. आयरिश भाषेत 'शी' या शब्दाचा अर्थ टेकाड, मातीचा उंचवटा. त्या टेकाडाच्या पोटात राहणारे ते 'ईस शी', म्हणजे टेकाडांचे लोक. पुढे नुसते 'शी' म्हटले तरी त्या लोकांचाच बोध होऊ लागला. इंग्रजी शब्दाचीही वाटचाल थोडीफार अशीच आहे. लॅटिनमधील 'फाता', म्हणजे भाग्यदेवता, हा शब्द फ्रेंचमध्ये 'फे' झाला आणि त्यापासून घडलेल्या 'फेअरी'चा अर्थ सुरुवातीला मोहिनी किंवा मायेचा प्रदेश असा होता. त्या प्रदेशात राहणाऱ्यांना ते नाव नंतर मिळाले. आपली परी मात्र फारसीतून आली. फारसी काव्यात ती सौंदर्याची परिसीमा आहे, पण तिची अवेस्तातील (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील) पूर्वज 'पइरिका' ही दुष्ट मायाविनी होती. परी आणि फेअरी हे शब्द कानाला जवळचे लागतात, तरी त्यांचे कूळ वेगळे आहे.

आता राहण्याच्या जागेविषयी. अकराव्या शतकात संकलित झालेल्या आयरिश पुराणकथांनुसार आयर्लंडवर 'तुआहा डे डानन' नावाच्या दैवी कुळाचे राज्य होते. समुद्रावरून आलेल्या माणसांनी, म्हणजे आजच्या आयरिश लोकांच्या कथेतील पूर्वजांनी, त्यांचा पराभव केला आणि मग भूमीची वाटणी झाली : जमिनीवरचा भाग माणसांना, जमिनीखालचा दैवी कुळाला. त्या कुळाचा प्रमुख दाग्दा याने आपल्या लोकांना एकेक टेकाड नेमून दिले. दाग्दाचा मुलगा एंगस याच्या वाट्याला मात्र काहीच आले नाही. तेव्हा त्याने दाग्दाच्या स्वतःच्या घरी, बॉइन नदीकाठच्या भव्य टेकाडात, फक्त 'दिवस आणि रात्र' राहू देण्याची विनंती केली. दाग्दाने ती मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी घर रिकामे करायला सांगितले, तेव्हा एंगस म्हणाला की सारा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर बनलेला आहे, आणि तेवढा काळ मला दिलेला आहे. आयरिश भाषेत 'एक' हा शब्द न लावता बोलणे चालते आणि त्या एका न उच्चारलेल्या शब्दावर घर गेले. मराठीतही ही युक्ती जशीच्या तशी चालते, हे नातीला गोष्ट सांगताना आपल्या ध्यानात येईल.

ते टेकाड आजही उभे आहे. न्यूग्रेंज नावाने प्रसिद्ध असलेली ही सुमारे ८५ मीटर व्यासाची दफनवास्तू इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधी, बांधली गेली. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. बांधणाऱ्यांची भाषा नष्ट झाली, नावे नष्ट झाली, आणि हजारो वर्षांनी आलेल्या लोकांनी त्या अनाकलनीय वास्तूत कोणी तरी राहत असले पाहिजे असे मानले. म्हणून नातीला निःसंकोच सांगा की पऱ्या टेकाडात राहतात.

पंखांचे म्हणाल तर ते अगदी अलीकडचे आहेत. आयरिश खेड्यातल्या कथांतील हे लोक बहुधा माणसांएवढे असतात, गाईगुरे पाळतात, बाजाराला जातात, लग्ने करतात आणि आपसांत लढतातही. शेक्सपियरने आपल्या नाटकात 'मोहरी' आणि 'कोळिष्टक' अशा नावांचे सेवक आणून त्यांना चिमुकले केले, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज चित्रकारांनी व रंगभूमीने त्यांच्या पाठीला फुलपाखरांचे पंख लावले. ती चित्रे सुंदर आहेत, पण पंख आले आणि या लोकांचा पत्ता हरवला, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : इंग्लंडमध्ये दोन मुलींनी पऱ्यांची खरी छायाचित्रे काढली होती, असे वाचनात आले. शेरलॉक होम्सच्या लेखकासारखा तर्कनिष्ठ माणूस त्यावर कसा विश्वास ठेवू शकला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : यॉर्कशरमधील कॉटिंग्ली या गावी १९१७ मध्ये एल्सी राइट आणि तिची छोटी मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी दोन छायाचित्रे काढली आणि १९२० मध्ये आणखी तीन. एल्सी तेव्हा सोळा वर्षांची होती. त्यांनी पुस्तकातील चित्रांवरून कागदी आकृत्या काढून कापल्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी त्या गवतात उभ्या केल्या होत्या. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९२० च्या अखेरीस 'स्ट्रँड' मासिकात यांतील पहिली दोन छायाचित्रे खरी म्हणून छापली. मुलींनी खरे काय ते १९८३ मध्ये, वृद्धपणी सांगितले. तरीही पाचवे छायाचित्र खरे असल्याचे फ्रान्सिस अखेरपर्यंत म्हणत राहिली.

डॉयल यांना हसण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्यांचे काका रिचर्ड डॉयल हे पऱ्यांच्या चित्रांसाठी नावाजलेले चित्रकार होते आणि वडीलही तशीच चित्रे काढत. म्हणजे छायाचित्रात दिसणाऱ्या पंखधारी पऱ्या त्यांनी घरात लहानपणापासून पाहिलेल्या होत्या. आणि १९१८ मध्ये त्यांचा मुलगा गेला होता. महायुद्धाने घरोघरी रिकामी जागा निर्माण केली होती. न दिसणारे एक जग शेजारीच आहे, याचा पुरावा हवा असणारे ते एकटे नव्हते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये राहतो. येथे नांगरलेल्या शेताच्या मधोमध एखादेच काटेरी झाड सोडलेले दिसते. विचारले तर लोक विषय बदलतात. हे आपल्या देवराईसारखे आहे का? (एक वाचक, लिमरिक)

उत्तर : ते झाड हॉथॉर्नचे असणार. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि एकटे उभे असेल तर ते टेकाडांच्या लोकांचे मानतात. लोक विषय बदलतात याचे कारण नुसता संकोच नाही. त्यांचे नाव मोठ्याने घेऊ नये, घ्यावेच लागले तर 'भली माणसे' म्हणावे, असा जुना दंडक आहे. आपल्याकडे रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतात, त्यामागची भीती आणि अदब याच जातीची.

आपल्या राहत्या शहराच्या वायव्येकडेच, क्लेअर परगण्यात लटून येथे असे एक झाड आहे. १९९९ मध्ये नव्या महामार्गाच्या आड ते येत होते. एडी लेनिहन या कथाकाराने वृत्तपत्राला पत्र लिहून कळवले की मन्स्टर प्रांतातील 'भली माणसे' कॉनाक्ट प्रांतातील 'भल्या माणसां'शी लढायला जाण्यापूर्वी जमतात ती याच झाडापाशी, आणि ते तोडले तर त्या रस्त्यावर अनर्थ घडेल. पत्राची चर्चा दूरवर झाली आणि रस्ता झाडाला वळसा घेईल अशी आखणी झाली. २००२ मध्ये कोणी तरी करवतीने त्याच्या फांद्या छाटून टाकल्या, पण झाड पुन्हा फुटले. आपण त्या रस्त्याने गेलात तर कुंपणाआड ते दिसेल.

झाडाइतकेच महत्त्वाचे गोल बांध शेतांत दिसतील, ज्यांना 'लिस' किंवा 'रा' (इंग्रजी नावांत 'रॅथ') म्हणतात. साधारण इसवी सन ५०० ते १००० या काळातील ही शेतकऱ्यांची तटबंद घरे असून त्यांची नोंदलेली संख्या सुमारे ४५ हजार आहे. लिसडूनवार्ना, रॅथमाइन्स ही गावनावे त्यांच्यावरूनच पडली. बांध मोडणाऱ्याची गुरे मरतात, अंग लुळे पडते, या धाकाने पिढ्यानपिढ्या नांगर तेथे फिरला नाही, आणि पुरातत्त्वाचा कायदा येईपर्यंत ते बांध राखले गेले. देवराईशी तुलना या मर्यादेपर्यंत रास्त आहे. पण देवराई देवाची असते, तेथे नवस बोलतात, उत्सव करतात. 'भल्या माणसां'कडे कोणी नवस बोलत नाही. त्यांची वाट सोडायची, घरातले सांडपाणी अंधारात फेकण्यापूर्वी इशारा द्यायचा, आणि एरवी त्यांना आपल्यापुरते राहू द्यायचे.

प्रश्न : अशा समजुतींचे कौतुक करणे मला धोक्याचे वाटते. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडले. आपण परीकथांच्या नावाखाली अंधश्रद्धाच गोंजारत नाही का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो मला मान्य करावा लागतो, कारण त्याला एका स्त्रीचे नाव आहे. टिपरारी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथील ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी, स्वतःच्या मिळकतीची स्त्री मार्च १८९५ मध्ये आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले, पाद्री येऊन गेले, पण ही आपली बायको नव्हे, खरी ब्रिजेट टेकाडात नेली गेली असून तिच्या जागी कोणी बदली ठेवली आहे, असे तिचा नवरा मायकेल म्हणू लागला. तिला बळजबरीने काढे पाजले गेले, चुलीच्या विस्तवाशी धरले गेले आणि 'तू खरी ब्रिजेट आहेस का' असे पुन्हा पुन्हा विचारले गेले. हे सारे तिचे वडील आणि नातलग यांच्या समोर झाले. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळले. आठवड्याभराने उथळ खड्ड्यात पुरलेला देह सापडला. खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून टेकाडातून बाहेर येईल म्हणून नवरा त्या टेकाडापाशी वाट पाहत राहिला होता. न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली आणि त्यातील पंधरा त्याने भोगली.

'बदली' ही कल्पना बहुतेक वेळा आजारी माणसांवर, वाढ खुंटलेल्या बाळांवर आणि नवऱ्याला न जुमानणाऱ्या बायकांवर चालवली गेली. झाड वाचवणारी समजूत आणि ब्रिजेटला मारणारी समजूत एकाच घरातल्या आहेत. पहिली सांगताना दुसरी लपवली, तर तो वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. म्हणून आपले पत्र संपूर्ण छापले आहे.

प्रश्न : लेप्रेकॉन आणि बॅन्शी म्हणजे काय? (इयत्ता आठवी, नाशिक)

उत्तर : लेप्रेकॉन हा एकटा राहणारा, ठेंगणा चांभार. तो सोने पुरून ठेवतो आणि त्याच्यावरून नजर हटली की निसटतो. बॅन्शी म्हणजे शब्दशः टेकाडाची बाई. ती कोणाला मारत नाही. जुन्या आयरिश घराण्यांत मृत्यू व्हायचा असेल तर आधी येऊन रडते. ती केस विंचरते, म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलू नये असे तिकडे मुलांना बजावतात.

प्रश्न : आमच्या गावच्या डोहावर साती आसरांचे स्थान आहे. आजी त्यांच्या पुष्कळ गोष्टी सांगते. त्या लिहून ठेवायच्या तर कशा? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : आयर्लंडने १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग नेमला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांवर मुलांना निबंधाऐवजी घरातल्या वृद्धांकडून ऐकलेले लिहून आणायला सांगितले. मार्गदर्शक पुस्तिकेत ५५ विषय दिले होते. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. अनेक पानांवर सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव आढळते.

आपणही तेच करावे. 'आसरा' हा शब्द अप्सरेवरून आला आहे आणि अप्सरा ही मुळात पाण्याची, त्यामुळे येथेही आधी जागाच लिहा : डोहाचे नाव, तो कोणत्या ओढ्यावर आहे, पाणी कोणत्या महिन्यात आटते, दगड किती आहेत, खण-बांगड्या कोण वाहते आणि कोणत्या वेळी तेथे जाऊ नये. मग आजीची गोष्ट तिच्याच मालवणीत, तिच्या शब्दांना हात न लावता उतरवा. ती मध्येच थांबली किंवा 'हे सांगू नये' म्हणाली, तर तसे लिहा आणि पुढे विचारू नका.