शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये गेल्याने मुलांना काय मिळतं, आणि त्यांना शिकवायला जाणाऱ्याला काय?

तुमचा प्रश्न असा आहे : मुलगी आठवीत, सोलापुरातल्याच शाळेत. शाळेत रोबोटिक्सची टीम उभी राहतेय. तिला घालावं तर दोन वर्षांवर दहावी. शिवाय मुख्याध्यापकांनी तुम्हालाही दर शनिवारी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून यायला सांगितलंय. तुम्ही यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करून चालू ठेवणारे, आहात, कॉम्प्युटर येत नाही, मग तिथे जाऊन करणार काय?

मुलीला नक्की पाठवा आणि तुम्हीही जा. मी इथल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करते आणि काही वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी एका शाळेच्या टीमबरोबर बसते. तिथे जे पाहिलंय तेच लिहिते.

रोबोटिक्स म्हटलं की पालकांना आधी कोडिंग दिसतं. माझ्या मते त्या कामातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. प्रोग्रॅम लिहायला मुलं एकमेकांचं बघून पटापट शिकतात. खरी हाती लागते ती बिघाड शोधायची शिस्त. गणिताच्या वहीत उत्तर चुकलं की लाल रेघ बसते आणि पान उलटतं. इथे मुलांनी बनवलेली रोबो-गाडी टेबलावर तशीच उभी राहते. कारण सापडल्याशिवाय ती हलत नाही, आणि तिच्यापुढे वर्गातला पहिला नंबर आणि शेवटचा बाक दोघं सारखेच.

आमच्या टीमची एक गाडी मोटर सुरू झाली रे झाली की बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनोचा छोटा बोर्ड, मोटरला वीज पुरवणारा एल-२९८-एन नावाचा मोटर ड्रायव्हर, बीओ म्हणतात त्या दोन छोट्या पिवळ्या मोटर आणि चार पेन्सिल सेल, एवढाच संसार. मुलांनी प्रोग्रॅमवर संशय घेतला आणि तो पुन:पुन्हा लिहून काढला. मग कोणीतरी म्हणालं, मोटरच्या वायरी काढून बघू. काढल्या, तर बोर्ड शांतपणे चालू राहिला. म्हणजे प्रोग्रॅमचा दोष नव्हता. सातवीतल्या एका मुलीने सेलवर व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला, दुसऱ्याने मोटर सुरू केली, आणि आकडा खाली कोसळताना सगळ्यांनी पाहिला. थांबलेली मोटर फिरायला लागताना भरपूर करंट ओढते, सेल दमतात, बोर्डाला पुरेसा व्होल्ट मिळत नाही म्हणून तो रिसेट होतो. पुढे त्यांनी हेही मोजलं की तो ड्रायव्हर स्वत:च दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे सेलांचे सहा व्होल्ट मोटरपर्यंत चारच उरतात. या सगळ्यात त्यांना मिळालेला नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. आमच्या कारखान्यात नव्याने आलेल्या इंजिनिअरला हा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. ही पोरं तेरा-चौदा वर्षांची आहेत.

पुस्तकातलं विज्ञानही इथे जिवंत होतं. अडथळा ओळखायला वापरतात तो अल्ट्रासॉनिक सेन्सर चाळीस हजार हर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचं, दोनने भागायचं, की अंतर आलं. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धरलेला असतो. आता आपला एप्रिल डोळ्यांपुढे आणा. पत्र्याखालच्या खोलीत पारा चाळीसच्या घरात. मुलांनी टेपने मोजलेलं एक मीटर अंतर सेन्सर चारेक सेंटीमीटर कमी दाखवत होता. सेन्सर बदलला तरी तेच. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो : २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, तर ४० अंशांना ३५५. आवाज लवकर परत येतो, आणि गाडीला वाटतं भिंत जवळ आहे. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. त्या मुलांना तो आता पाठ करावा लागणार नाही.

टीम हा शब्द मात्र जपून घ्यावा लागतो. आपल्याकडे एका टेबलाभोवती घरी मराठी बोलणारी, तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी मुलं असतात, आणि ती चटकन जमतात. तिथे अडचण नाही. अडचण येते कामाच्या वाटणीत. कोणी काही न बोलताही स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात जातो आणि मुलींकडे चार्टपेपर, स्केचपेन येतं. "तिचं अक्षर छान आहे ना, ताई," हे कारण मी कितीदा तरी ऐकलंय. म्हणून आम्ही कामं फिरती ठेवतो. जोडणी, वायरिंग, प्रोग्रॅम, वही, बोलणं, सगळ्यांनी सगळं करायचं. तुम्ही गेलात तर यावर बारीक लक्ष ठेवा, ही तुमच्याच लेकीच्या कामाची गोष्ट आहे.

स्पर्धांची थोडी माहिती. भारतातल्या शाळा प्रामुख्याने दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात : फर्स्ट लेगो लीग, जी १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आणि वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड, जी २००४ पासून भरते. लेगो लीगचा सामना अडीच मिनिटांचा. रोबोने आखलेल्या टेबलावर स्वत:च्या प्रोग्रॅमवर कामं उरकायची, वाटेत हात लावला तर गुण जातात. पण गुण फक्त रोबोचे नसतात. रोबो कसा घडवला हे परीक्षकांना सांगावं लागतं, टीम एकमेकांशी आणि प्रतिस्पर्ध्यांशी कशी वागते तेही पाहिलं जातं, आणि त्या वर्षीच्या विषयावर एक प्रकल्प मांडावा लागतो. मला या सगळ्यात प्रकल्पच सगळ्यात मोलाचा वाटतो.

आमच्या मुलांनी पाणी घेतलं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्याची वेळही धड नसते. मुलं वहीपेन घेऊन आपापल्या गल्लीत फिरली. पाणी कधी येतं, कोण जागतं, टाकी भरून वाहिली तर कोणाच्या लक्षात येतं. बहुतेक घरांत जागणारी आईच निघाली. दिवसभर विड्या वळून रात्री नळाची वाट बघणारी. त्यांनी तोच अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावला, पाणी वर आलं की बझर वाजणार. चार दिवसांत सेन्सर वेडेवाकडे आकडे द्यायला लागला. टाकीतल्या वाफेने त्याच्यावर दव साचत होतं. मग मुलं साध्या फ्लोट स्विचवर आली, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वर येणाऱ्या बटणावर. यंत्र साधं झालं आणि टिकलं. चौदा वर्षांच्या मुलाने शेजारच्या काकूंना विचारून, बनवून, फसून, पुन्हा बनवून दिलेली वस्तू त्या काकू रोज वापरतात, हे मी शाळेच्या दुसऱ्या कुठल्या तासाला घडताना पाहिलेलं नाही. ती मुलं परीक्षकांपुढे बोलली तेव्हा त्यांना भाषण पाठ करायची गरज पडली नाही. एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा झाकणाखालचं दव हातवारे करून समजावत होता.

आता तुमच्याकडे येते. कॉम्प्युटर येत नाही म्हणता, पण जकार्डचे पत्ते, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे, तुम्ही रोज हाताळत असाल. भोक असलं की सुई आत जाते, हुक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसलं की धागा खालीच. पत्त्यांची माळ बदलली की त्याच मागावर चादरीची नक्षी बदलते. हा प्रोग्रॅमच आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र पुढे आणलं. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजले, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोकं पाडलेल्या पत्त्यांवरूनच मोजणी केली. कॉम्प्युटरच्या इतिहासात सोलापूरच्या मागाचं घराणं असं आहे. तुम्ही एक जुना पत्ता मुलांपुढे धरून हे सांगितलंत तर कॉम्प्युटरची शून्य आणि एकची भाषा शिकवायला मला लागतो त्याहून कमी वेळ तुम्हाला लागेल.

शिवाय या मुलांना जे येत नाही ते नेमकं तुम्हाला येतं. चाक एका बाजूला का ओढतं, शाफ्टला किती खेळ चालतो, पट्टा किती ताणायचा, नट थरथरून ढिला होऊ नये म्हणून काय करायचं. प्रोग्रॅम सांगायला कॉलेजची मुलं मिळतात. कानाने बिघाड ओळखणारा माणूस शाळेला सहजी मिळत नाही.

बदल्यात तुम्हाला काय? पैसे नाहीत, ते आधीच सांगते. पण मूल विचारतं, "आवाजावरून कळतं म्हणजे कसं कळतं?" आणि आपल्याला थांबून विचार करावा लागतो. वर्षानुवर्षं हाताला माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदा तोंडाने सांगावी लागते. मी हे तिथे शिकले, आणि आता कारखान्यात नवीन हेल्परला शिकवताना नुसतं "बघून घे" म्हणत नाही, पायऱ्या करून सांगते. प्रोग्रॅमही मी त्या मुलांकडूनच शिकले. आठवीतली मुलगी शेजारी बसून शांतपणे समजावते, आपण विद्यार्थी होतो, आणि तिची मान ताठ होते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होईल : बापाच्या हातातलं ज्ञान शाळेत, सरांसमोर, मैत्रिणींसमोर मानाने विचारलं जातंय हे तुमची मुलगी पाहील. आपल्या शहरात किती मुलांना हे पाहायला मिळतं?

मेंटॉरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे हात मागे ठेवणं. बिघाड दोन मिनिटांत दिसतो आणि मुलं तासभर भलतीकडे शोधत असतात. तरी सांगायचं नाही. "तुम्ही काय काय तपासलं?" एवढंच विचारायचं. लेगो लीगमध्येही काम मुलांचंच असावं असा दंडक आहे, आणि परीक्षकांच्या दोन प्रश्नांत कळतं की रोबो कोणी बनवलाय.

दहावीचं म्हणाल तर आठवी-नववी ही या कामाची खरी वर्षं आहेत. स्पर्धेआधीचे आठवडे ओढाताणीचे जातात, तेवढी तयारी ठेवा. दहावीत तिला पूर्ण बाहेर काढू नका, महिन्यातून एखाद्या शनिवारी लहानांना शिकवायला जाऊ द्या. रोबोटिक्समुळे गुण वाढतील अशी हमी मी देणार नाही. त्यासाठी पाठवूही नका.

मात्र टीम खरोखर टीम आहे का ते पाहून घ्या. काही ठिकाणी रोबोटिक्सच्या नावाखाली महागडं किट विकतात, मुलं पुस्तिकेप्रमाणे तुकडे जोडतात, फोटो निघतो, सर्टिफिकेट मिळतं आणि किट कपाटात जातं. मुलांची वही मागा. वहीत फसलेले प्रयत्न लिहिलेले नसतील तर तिथे शिकणं चाललेलं नाही. खर्चाची भीती धरू नका. लेगोचं स्पर्धेचं किट महाग असतं हे खरं, पण आर्डुइनोची साधी गाडी दोनेक हजारांत उभी राहते आणि सुरुवातीला तीच पुरते. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वत: वस्तू बनवून बघायची सरकारी मदतीची प्रयोगशाळा, आहे का तेही विचारा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या लॅब सुरू झाल्या, निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. देशभरात अशा १० हजारांहून जास्त लॅब आहेत. काही शाळांत ही लॅब असूनही तिला कुलूप असतं. पालकांनी विचारलं की ते उघडतं.

पहिल्या शनिवारी जाताना मल्टिमीटर बरोबर घ्या, शाळेच्या किटात तो बहुतेक नसतो. वायर तुटली आहे का ते बीपवरून कसं पाहायचं, हे पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला स्वत:च्या हाताने करू द्या. आणि गाडीत १८६५० या मापाचे, पुन्हा चार्ज होणारे लिथियम सेल वापरत असतील तर तुम्ही समोर असल्याशिवाय ते चार्जिंगला लावायचे नाहीत, सुटे सेल स्क्रू-नटांच्या डब्यात टाकायचे नाहीत, हे सरांना आणि मुलांना दोघांनाही बजावून ठेवा. शॉर्ट झाला तर तो सेल पेट घेतो.