रवा चिकटतो कशानं?

प्रश्न : मुलीबरोबर अथेन्सला गेले होते. तिथल्या बेनाकी संग्रहालयात सोन्याचे जुने दागिने पाहिले. काहींवर खसखशीहून बारीक रवे ओळीनं बसवलेले. आमच्या सोनाराला फोटो दाखवला तर म्हणाला, ‘काकू, एवढ्या रव्यांना डाख द्यायला गेलो तर सगळा गोळा होईल.’ मग त्या लोकांना हे जमलं कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या सोनाराचं चुकलेलं नाही. डाख म्हणजे लवकर वितळणारं भेसळीचं सोनं. तापलं की ते पाण्यासारखं पसरतं, रव्यांमधल्या फटी भरतं आणि रव्यांच्या जागी नुसती जाड रेघ उरते. मी कोल्हापूरच्या गुजरीत चाळीस वर्षं फुंकणी फुंकली, बुगड्या केल्या, वज्रटीक केली. पण पाव मिलिमीटरचा रवा? तिथं मी हात टेकले.

ग्रीक कारागीर रव्यांसाठी डाख बाहेरून आणत नसे, तो सांध्यातच तयार करी. तांब्याचा हिरवा दगड असतो, मॅलॅकाइट. त्याची वस्त्रगाळ पूड सरसात कालवायची आणि त्या चिकट पाण्यानं रवे पत्र्यावर मांडायचे. मग कोळशावर तापवायचं. सरस जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा पुडीतला प्राणवायू ओढून घेतो आणि मागं उरतं निव्वळ तांबं, तेही रवा जिथं टेकलाय तेवढ्याच ठिकाणी. सोनं वितळायला 1064 अंश लागतात. तांबं शिरलेलं सोनं मात्र 900 च्या आसपासच पाघळतं. म्हणजे सांधा पाघळतो आणि रवा जसाच्या तसा गोल राहतो. रवे करणं त्यामानानं सोपं : तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या पुडीत तापवले की आपोआप गोळी होते.

या हिरव्या पुडीला ते ख्रिसोकोला म्हणत, म्हणजे सोन्याचा सरस. रोमचा लेखक प्लिनी पहिल्या शतकात सोनारांची एक कृती देतो : सायप्रसच्या तांब्याचा गंज, खार आणि लहान मुलाचं मूत्र, सगळं तांब्याच्या खलात घोटायचं. हसू नका, आपल्या धंद्यातही अशा गोष्टी पुष्कळ चालायच्या.

पुढं ही रीत पार विस्मरणात गेली. 19व्या शतकात रोमच्या कास्तेलानी या सोनार घराण्यानं जंग जंग पछाडलं, पण जुन्याची सर आली नाही. तांब्याचं हे कोडं इंग्लंडच्या लिटलडेल यांनी 1930च्या दशकात उलगडलं. ते वाचून मीही घरी करून पाहिलं. पहिल्या खेपेला आच जास्त झाली आणि रव्यांचा डबका झाला. चौथ्या खेपेला सात रवे बसले, पण मोहरीएवढे. बायको म्हणाली, ‘यापेक्षा भिशीला पैसे भरले असते तर.’

पुन्हा गेलात तर तारही निरखून बघा. त्या ग्रीक सोनारांकडं जंतर, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, नव्हतं. पत्र्याची पट्टी कापून पिळायची आणि दोन सपाट फळ्यांमध्ये लाटायची, अशी त्यांची तार. भिंगाखाली तिच्यावर मळसूत्रासारखी रेघ दिसते. जुन्या म्हणून विकायला आणलेल्या दागिन्यात जंतरातून ओढलेली सरळ तार दिसली, की मी तरी खिशातला हात बाहेर काढणार नाही.

प्रश्न : ग्रीकांचे सोन्याच्या पानांचे मुकुट खरंच कुणी घालत असे का? फुंकर मारली तर पान गळेल असं वाटतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिरवणुकीत घालत, देवाला वाहत आणि मेलेल्याबरोबर पुरतही. उत्तर ग्रीसमधल्या वेर्गिनाला 1977 मध्ये उत्खनन करणाऱ्या मनोलिस आंद्रोनिकोस यांना जो ओकच्या पानांचा मुकुट मिळाला, त्यात 313 पानं आणि 68 फळं मोजली आहेत. ती कबर अलेक्झांडरच्या वडिलांची, दुसऱ्या फिलिपची, असं बरेच जण मानतात. पुरण्यासाठीच केलेले मुकुट मात्र फार पातळ पत्र्याचे असत. तुम्ही तसलाच पाहिला असणार. मेलेल्या माणसाची मान हलत नाही, मग सोनं का घालवा?

देवाचे मुकुट मात्र तोलून घेत. अथेन्सच्या अक्रोपोलिस या देवळांच्या टेकडीवरच्या खजिन्याच्या याद्या दगडावर कोरलेल्या आहेत, त्यांत मुकुटांची वजनं ड्राखमांत, म्हणजे त्यांच्या वजनाच्या मापात, लिहिलेली सापडतात. घडणावळीचं नाव नाही.