विंडोज 10 नंतर लिनक्सकडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट्सची जी वाढीव मुदत मिळाली, तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे चांगली चालणारी यंत्रे भंगारात काढायची वेळ अनेक घरांवर आली आहे. तसे करू नका, लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकून तीच यंत्रे वापरा, एवढीच कळकळ या उत्तरांमागे आहे.

प्रश्न : बाबांचा लॅपटॉप पाचव्या पिढीचा आय-3 आहे. 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. बँकेची कामे, यूट्यूब आणि थोडे टायपिंग एवढाच वापर. लिनक्स म्हटले की ते "या वयात नवीन शिकणे नको" म्हणतात. त्यांना कसे पटवावे? (कोल्हापूर)

उत्तर : वाद घालून कोणी पटत नाही. बाबांना विंडोजची सवय नाही, त्यातल्या दोन-तीन प्रोग्रॅमची आहे. तेव्हा आधी ते प्रोग्रॅम बदला आणि विंडोज तसेच राहू द्या. फायरफॉक्स (ब्राउझर), लिब्रेऑफिस (टायपिंगसाठी, वर्ड-एक्सेलच्या जागी) आणि व्हीएलसी (व्हिडिओसाठी) त्यांच्या सध्याच्याच लॅपटॉपवर टाका. फायरफॉक्समध्ये खाते उघडून बुकमार्क आणि पासवर्ड सिंक करा. पंधरा दिवस, महिनाभर हात बसू द्या. पुढे लिनक्सवर हेच तीन प्रोग्रॅम असतील, म्हणजे नवे शिकण्यासारखे फारच थोडे उरेल.

त्यानंतर 240 जीबीची 2.5 इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. जुनी हार्ड डिस्क पुसू नका. ती काढून जपून ठेवा आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाका. यात दोन गोष्टी साधतात. जुन्या फिरत्या डिस्कमुळे येणारा संथपणा जातो, आणि मन लागले नाही तर दोन-चार स्क्रू काढून जुने विंडोज आहे तसे परत लावता येते. परतीची वाट मोकळी आहे हे दिसले की माणूस निम्मा राजी होतो. जुन्या डिस्कसाठी साटा-यूएसबी केसिंग (डिस्क यूएसबीने जोडणारी डबी) आणले की फोटो आणि कागदपत्रे तिच्यावरून सरळ उतरवून घेता येतात.

रॅमही 8 जीबी करा. या पिढीच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा डीडीआर3एल लागते, 1.35 व्होल्टची. साधी 1.5 व्होल्टची डीडीआर3 पट्टी अशा लॅपटॉपमध्ये चालत नाही, म्हणून दुकानात जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्या. 4 जीबीवरही काम भागते, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की अडते, आणि तो दोष ना लिनक्सचा ना विंडोजचा.

आवृत्ती म्हणाल तर लिनक्स मिंट 22, तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे बाबा बावरणार नाहीत. अपडेट्स 2029 पर्यंत मिळतील. इन्स्टॉल करायची फाइल सुमारे 3 जीबीची आहे. ती 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने लिहा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्या. लॅपटॉप सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ12, एचपीवर एस्केप आणि मग एफ9 दाबले की पेनड्राइव्ह निवडता येतो. इन्स्टॉल करण्याआधी तिथूनच चालवून पाहा : वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का. हे शेवटचे तपासायचे बहुतेकांच्या हातून राहते. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठीच्या भागांच्या) चौकोनात खूण करा.

एक काम मात्र तुमचेच. टाइमशिफ्ट (सिस्टिमची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करून द्या, पण रोजचे दोन आणि आठवड्याचा एक स्नॅपशॉट, म्हणजे प्रत, यापुढे जाऊ नका. नाहीतर काही महिन्यांत एसएसडी भरते आणि "लिनक्स बिघडले" असा बोभाटा होतो. टाइमशिफ्ट सिस्टिम जपते, बाबांचे फोटो नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

प्रश्न : मराठी टायपिंगचे काय? माझ्या जुन्या फाइल कृतिदेव आणि श्रीलिपीत आहेत. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : नवे टायपिंग अगदी सोपे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट्स, अधिकच्या चिन्हावर क्लिक करून मराठी निवडा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड तिथेच मिळतो, वेगळे काही उतरवावे लागत नाही. इंग्रजी अक्षरांवरून उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर यादीतला कागप फोनेटिक घ्या. विंडोजवर इनस्क्रिप्ट वापरत असाल तर बोटांना फरक कळणारही नाही. 'तऱ्हा' लिहायचे तर एल, शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई. दोन्हीकडे हाच क्रम. 'ऱ'साठी शिफ्ट न धरता नुसता जे दाबला तर 'तर्हा' होते आणि रफार 'ह'च्या डोक्यावर चढतो.

जुन्या फाइलींचे दोन प्रकार करा. कृतिदेवच्या फाइल नुसत्या वाचायच्या असतील तर फॉन्टची फाइल लिनक्सवर आणून तिच्यावर डबल-क्लिक करून इन्स्टॉल करा, मजकूर दिसेल. श्रीलिपीचा टायपिंगचा प्रोग्रॅम विंडोजचा आहे. म्हणून विंडोज हाताशी आहे तोवरच महत्त्वाच्या फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतरित करून घ्या आणि प्रत्येक पान नजरेखालून घाला. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात जास्त बिघडतात. काम कंटाळवाणे आहे, पण लिनक्सकडे जा वा न जा, ते केलेच पाहिजे. युनिकोडमध्ये नसलेला मजकूर गूगलला शोधता येत नाही आणि मोबाइलवर नीट दिसत नाही.

प्रश्न : ऑफिसातून आलेली वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पाने पुढे-मागे होतात. (ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा कारण फॉन्टचे असते. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हा त्याच रुंदीचा मुक्त फॉन्ट चालतो, म्हणून इंग्रजी मजकूर फारसा हलत नाही. मंगल आणि निर्मला यूआय मात्र मायक्रोसॉफ्टचे. त्यांच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट आला की ओळींची उंची बदलते आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. दोन्हीकडे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरायचे ठरवा. फक्त वाचायला किंवा छापायला पाठवायची फाइल पीडीएफ करूनच पाठवा. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) असतील तर ते आधी लिब्रेऑफिसमध्ये चालवून पाहिल्याशिवाय बदलाचा विचारही नको.

प्रश्न : एचपी लेझरजेट 1020 यादीत दिसतो, पण छापत नाही. घरी कॅननचा एलबीपी 2900 पण आहे. (नाशिक)

उत्तर : 1020 च्या पोटात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचे राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावे लागते. विंडोजमध्ये हे काम ड्रायव्हर (यंत्राला संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम) गुपचूप करतो. लिनक्सवर एचपीलिप हा एचपीचा ड्रायव्हर संच करतो, पण त्याला एचपीचा प्लगइन (जोड-भाग) वेगळा उतरवावा लागतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिपचा जीयूआय (माऊसने वापरायचा भाग) घ्या, प्रिंटर लिनक्सच्या नेहमीच्या प्रिंटर सेटिंगमधून जोडला असेल तर काढून टाका आणि एचपीच्या टूलमधूनच पुन्हा जोडा. ते प्लगइनबद्दल विचारेल, होकार द्या. मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर पुन्हा गप्प झाला तर प्लगइनची आणि एचपीलिपची आवृत्ती जुळत नसते. प्लगइन परत उतरवला की काम सुरू.

2900 वर वेळ घालवू नका. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना, कटकटीचा आहे. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेले पाहा. असे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात.

प्रश्न : माझे किराणा घाऊकचे दुकान आहे. टॅली आणि जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरतो. लिनक्स घेऊ का? (इचलकरंजी)

उत्तर : त्या संगणकावर नको. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखला गेला नाही तर विलंब शुल्क तुम्ही भराल, सल्ला देणारा नाही. दुकानातला दुसरा संगणक, ज्यावर मेल, व्हॉट्सॲप वेब आणि कोटेशन एवढेच होते, तो खुशाल बदला.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकले. आता लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही आणि विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. (पुणे)

उत्तर : दोन्हींचे कारण साधे आहे. विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असला की शटडाउन पुरते होत नाही, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. अशा ड्राइव्हवर लिहिणे धोक्याचे, म्हणून लिनक्स तो फक्त वाचू देते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या सेटिंगमधली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. घड्याळाचे असे की लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच भारतीय समजते. इंटरनेट असताना विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये सिंक नाऊ दाबले की तेवढ्यापुरते जुळते.

असे शेजारी-शेजारी टाकायचे ठरवणाऱ्यांनी आधी बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू आहे का ते पाहावे आणि 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बूट सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही.

प्रश्न : इन्स्टॉल झाले, पण वाय-फायच दिसत नाही. (पणजी)

उत्तर : फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, इंटरनेट येईल. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅम सुरू होताना रोखणारी सोय) चालू असेल तर मॅनेजर एक पासवर्ड ठरवायला सांगेल. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे एनरोल एमओके (ड्रायव्हरची किल्ली नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत हा पडदा कंटिन्यू दाबून सोडला तर ड्रायव्हर इन्स्टॉल होतो पण चालू होत नाही. तसे झाले असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून तो काढून पुन्हा टाका आणि पडद्यावर या खेपेला थांबा.