मावळतीचं आकाश हिरवट का येतं?

प्रश्न: आकाश रंगवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रकाश हवेत एकदाच विखुरतो असं धरलंय. दुपारचं आकाश छान निळं येतं. पण सूर्य क्षितिजाला टेकला की डोक्यावरचं आकाश मळकट, पिवळं-हिरवट होतं आणि क्षितिजापाशी धुक्याचे पट्टे उमटतात. चूक कुठे असावी?

उत्तर: आधी एककं तपासा, निम्मी दुखणी तिथलीच असतात. समुद्रसपाटीला हवेच्या रेणूंचे विकिरण गुणांक (किती प्रकाश विखुरतो त्याचं माप) दर मीटरला लाल ०.०००००५८, हिरवा ०.००००१३५ आणि निळा ०.००००३३१ धरतात. वर जाताना हवा साधारण दर ८ किमीला २.७ पट विरळ होते. म्हणून जमिनीवरून सरळ वर मोजलेली प्रकाशीय जाडी (वाटेत प्रकाश किती क्षीण होतो त्याचं माप) लालसाठी ०.०४६, हिरव्यासाठी ०.१०८ आणि निळ्यासाठी ०.२६५ यायला हवी. निळ्याची २६५ आली, तर गुणांक किलोमीटरचा आणि उंची मीटरची, असा घोळ झालाय.

हे आकडे बरोबर असतील तर हिरवटपणाचं कारण ओझोन, म्हणजे प्रोग्रॅममध्ये तो नसणं. मावळतीला किरण हवेतून तिरपे, लांबचा पल्ला गाठून येतात आणि वाटेत त्यांतला निळा गळून जातो. तरीही खरं आकाश माथ्यावर निळंच राहतं, कारण ओझोन पिवळा-नारिंगी भाग शोषतो. भौतिकशास्त्रज्ञ हल्बर्ट यांनी १९५३ मध्येच हे दाखवलं होतं. ओझोनचा थर १० ते ४० किमी उंचीवर, २५ किमीला सर्वात दाट, असा त्रिकोणी धरा. सर्वात दाट जागी शोषण गुणांक दर मीटरला लाल ०.००००००६५०, हिरवा ०.०००००१८८१, निळा ०.०००००००८५. हे फक्त प्रकाश क्षीण होण्याच्या हिशेबात घ्यायचे, आणि तेही सूर्याकडच्या व नजरेच्या अशा दोन्ही किरणांवर. ओझोन प्रकाश विखुरत नाही. विकिरणाच्या बेरजेत तो घातला तर आकाश उगाच उजळतं.

पट्ट्यांचं कारण नमुन्यांच्या, म्हणजे किरणावर जिथे जिथे हिशेब करता त्या बिंदूंच्या, जागा. वातावरण ६० किमी उंच धरलं तर आडवा किरण त्यात सुमारे ८७५ किमी जातो. त्याचे १६ समान तुकडे केले तर एकेक ५५ किमीचा पडतो. धूळ-बाष्पाचा थर मात्र दर १.२ किमीला २.७ पट विरळ होतो, त्यामुळे १.५ किमीखाली जेमतेम तीनच नमुने येतात. अंतर (क्रमांक ÷ १६) च्या वर्गाने वाढवा, म्हणजे जवळचे नमुने दाट बसतील. नमुन्यांची संख्या नुसती दुप्पट करून भागत नाही, फक्त प्रोग्रॅम मंदावतो.

सूर्य आणखी खाली गेला की आकाश खऱ्यापेक्षा काळं दिसेल. ती चूक नव्हे. एकदाच विखुरण्याचं गृहीतक तिथे अपुरं पडतं.